धंद्यात देवाचा वाटा किती?

दुकानाच्या भिंतीवर येशूची तसबीर लावली, फादरना बोलावून आशीर्वाद घेतला, म्हणजे धंदा देवाला अर्पण झाला का? कॅथलिक व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या काळी वेगवेगळी दिली. त्यांतली खरी उत्तरे मात्र हिशेबाच्या वहीतच सापडतात.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी वही उघडायची, पहिल्या पानावर 'श्री' काढायची, 'शुभ-लाभ' लिहायचे आणि मगच व्यवहाराची पहिली नोंद करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. देवाचे नाव आणि नफा एकाच पानावर लिहिताना आपल्या व्यापाऱ्याला कधी संकोच वाटला नाही. वांद्रे, माहीम किंवा वसई भागात एखाद्या ख्रिस्ती माणसाच्या बेकरीत किंवा औषधांच्या दुकानात गेले, तर गल्ल्याच्या वर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्यापुढे लहानसा लाल दिवा दिसतो. वरवर पाहता रीत सारखीच वाटते.

हा दिवा लावणाऱ्या माणसाने नेमके काय केलेले असते? देवाकडे बरकत मागितलेली असते, की आपल्या हक्काचे काही सोडून दिलेले असते? धंदा देवाला वाहिला असे म्हणणे सोपे आहे. पण धंद्यावर घर चालते, मुलांची शिक्षणे होतात, नोकरांच्या चुली पेटतात. त्या पैशात देवाचा वाटा धरायचा तर तो कोणाच्या ताटातून काढायचा, हा प्रश्न उरतोच.

आशीर्वाद वेगळा, समर्पण वेगळे

कॅथलिक धर्मात या बाबतीत दोन गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. पहिली म्हणजे आशीर्वाद. रोमने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात घर, शाळा, रुग्णालय यांच्याप्रमाणेच कार्यालय, दुकान आणि कारखाना यांच्यासाठीही विधी दिलेला आहे. कामाच्या हत्यारांसाठीसुद्धा प्रार्थना आहे. विधी अगदी साधा असतो. मालक, घरची मंडळी, कामगार एकत्र जमतात. बायबलमधला एखादा उतारा वाचला जातो. तिथे काम करणाऱ्यांसाठी आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी प्रार्थना होते. फादर आशीर्वादाची प्रार्थना म्हणतात आणि पवित्र पाणी शिंपडतात.

चर्चची इमारत किंवा वेदी देवाला अर्पण करतात तो विधी याहून निराळा. तिथे बिशप पवित्र तेलाने वेदीला अभ्यंग करतात आणि त्यानंतर ती वेदी दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही. दुकानाचे तसे होत नाही. आशीर्वाद झाला तरी दुसऱ्या दिवशी तिथे तेच सिमेंट, तीच डाळ, तीच औषधे विकली जातात.

म्हणून दुसरी गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे समर्पण. हे मालकाने स्वतःच्या मनाने द्यायचे वचन असते. कोणी ते येशूच्या पवित्र हृदयाला देतो, कोणी मरियामातेच्या हाती सोपवतो, कोणी सुतारकाम करून घर चालवणाऱ्या संत योसेफला आपला धंदा सांभाळायला सांगतो. पवित्र हृदयाची भक्ती फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियाल या गावच्या संत मार्गारेट मेरी अलाकोक हिच्यामुळे सतराव्या शतकात पसरली. पेरू देशातल्या फादर माटेओ क्रॉली-बोवी यांनी १९०७ पासून या पवित्र हृदयाची घराघरांत प्रतिष्ठापना करण्याची चळवळ सुरू केली. 'येशू या घराचा राजा' ही तिच्यामागची कल्पना. घराला राजा मिळाल्यावर तो दुकानाच्या उंबऱ्याशी थांबणार नव्हता. पुढे १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा कामगारदिन 'श्रमिक संत योसेफ' यांचा सण म्हणून जाहीर केला.

या सगळ्यात एक गोष्ट चर्चने स्पष्ट सांगितली आहे. केवळ बाह्य विधी केला म्हणजे फळ मिळालेच पाहिजे, अशी समजूत बाळगणे ही अंधश्रद्धा होय, असे कॅथलिक धर्मशिक्षणात म्हटले आहे. तसबीर म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे. समर्पण करूनही धंदा बुडू शकतो, आणि तो बुडाला म्हणून देवाने शब्द मोडला असे होत नाही. कारण शब्द मालकाने दिलेला असतो.

वहीच्या माथ्यावर देव

इटलीत फ्लॉरेन्सजवळ प्रातो नावाचे कापडाच्या धंद्याचे गाव आहे. फ्रान्चेस्को दातिनी हा तिथल्या एका खाणावळवाल्याचा मुलगा. १३४८ च्या प्लेगच्या साथीत त्याचे आईवडील गेले. मुलगा पंधराच्या आसपास असताना फ्रान्समधल्या आविन्यों शहरात गेला. त्या काळी पोप तिथे राहत असत आणि त्यांच्याबरोबर पैसाही तिथेच होता. शस्त्रे आणि चिलखते विकून दातिनी श्रीमंत झाला. प्रातोला परतल्यावर त्याने पिसा, जिनोआ, फ्लॉरेन्स, बार्सिलोना, व्हालेन्सिया, माजोर्का अशा ठिकाणी पेढ्या काढल्या.

त्याच्या हिशेबाच्या वह्यांवर माथ्यालाच देवाचे आणि नफ्याचे नाव एकत्र लिहिलेले असे. आपल्या 'शुभ-लाभ'ची आठवण व्हावी असेच ते आहे. पण त्याच वह्यांत शस्त्रांच्या विक्रीच्या नोंदी आहेत आणि गुलामांच्या खरेदी-विक्रीच्याही आहेत. देवाचे नाव वर होते. खाली काय लिहायचे ते बाजारच ठरवत होता.

दातिनीचा लापो मात्सेई नावाचा एक मित्र होता. तो व्यवसायाने नोटरी, आणि पैशाने दातिनीपेक्षा फारच साधा. तो वर्षानुवर्षे दातिनीला पत्रे लिहून टोकत राहिला: पेढ्यांचा आणि बांधकामांचा हा हव्यास आवर, स्वतःच्या हाताने दानधर्म कर, मरणाची वाट पाहू नकोस. बायको मार्गेरिताही नवऱ्याच्या न संपणाऱ्या कामाने कावली होती, हे त्या दोघांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. तिला मूल नव्हते. एका गुलाम स्त्रीपासून झालेली दातिनीची मुलगी या जोडप्याने घरात वाढवली.

दातिनी १४१० च्या ऑगस्टमध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात आपल्या मालमत्तेचा फार मोठा भाग, सुमारे सत्तर हजार फ्लोरिन, प्रातोच्या गरिबांसाठी ठेवला आणि त्यासाठी स्वतःच्या वाड्यात संस्था काढायला सांगितले. या संस्थेचा कारभार धर्माधिकाऱ्यांच्या हाती न जाता गावातल्या लोकांकडे राहावा, अशीही तजवीज त्याने केली. अनाथ मुलांच्या आश्रमासाठी त्याने ठेवलेल्या एक हजार फ्लोरिनमधून पुढे फ्लॉरेन्सची प्रसिद्ध 'इनोचेंती' संस्था उभी राहिली. १८७० साली त्याच्या वाड्यातल्या जिन्याखाली त्याची सुमारे दीड लाख पत्रे आणि शेकडो वह्या सापडल्या. त्यामुळेच एका व्यापाऱ्याच्या मनातली ही ओढाताण आज आपल्याला कळते.

परमेश्वराच्या नावाचे खाते

दातिनीने देवाचा वाटा शेवटी दिला. त्याच्या आधीच्या पिढीतल्या फ्लॉरेन्सच्या बड्या सावकारी पेढ्यांनी मात्र तो आधीच धरून ठेवला होता. बार्दी आणि पेरुत्सी ही त्यांतली मोठी नावे. या पेढ्यांच्या वह्यांत भागीदारांच्या खात्यांच्या जोडीला 'मेस्सेर दोमेनेद्दिओ', म्हणजे 'श्रीयुत परमेश्वर', या नावाचे एक खाते असे. नफ्याची वाटणी झाली की या खात्यातही रक्कम जमा होई. ती देवाच्या वतीने गरिबांना मिळे.

गंमत वाटेल, पण यात व्यापारी शिस्त होती. दान हे मालकाच्या मर्जीवर असते. खात्यावरची रक्कम हे देणे असते. मन झाले तर द्यायचे आणि मंदी आली तर विसरायचे, असे देण्याचे होत नाही. पेढी मोडली तर इतर धनकोंच्या बरोबरीने गरीबही धनको म्हणून उभे राहू शकत. ही वेळ आलीही. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला दिलेली प्रचंड कर्जे बुडाली, आणि १३४३ मध्ये पेरुत्सी व १३४६ मध्ये बार्दी पेढीचे दिवाळे वाजले. खात्यावर देवाचे नाव होते म्हणून बुडीत कर्ज वसूल झाले नाही.

याहूनही आधी, उत्तर इटलीतल्या क्रेमोना शहरात ओमोबोनो नावाचा एक कापडव्यापारी होऊन गेला. तो १३ नोव्हेंबर ११९७ रोजी मिस्सा चालू असतानाच वारला. तिसरे इनोसंट या पोपने अवघ्या सव्वा वर्षात, ११९९ च्या जानेवारीतच त्याला संतपद दिले. तो राजा नव्हता, साधू नव्हता; बायको-संसार असलेला व्यापारी होता. आज तो व्यापारी आणि शिंपी यांचा आश्रयदाता संत मानला जातो. परंपरा असे सांगते की त्याच्या दानशूरपणाची त्याच्या बायकोला धास्ती वाटे. नवरा सगळेच वाटून टाकील तर घराचे काय, ही तिची चिंता होती. ती चुकीची होती असे कोण म्हणेल? धंदा देवाला वाहायचा तर त्या निर्णयात घरची माणसेही हवीत, हा धडा आठशे वर्षांपूर्वीच्या त्या संसारातही दिसतो.

कारखान्यात देव आला तेव्हा

यंत्रयुग आले आणि प्रश्न बदलला. आता नफा कसा वाटायचा याबरोबरच नफा होतो कसा, हे पाहणे आले. चौदा-चौदा तास राबणारे मजूर, यंत्रावर कामाला लावलेली मुले आणि वर देवाची तसबीर, हे चित्र खटकू लागले.

फ्रान्समध्ये रँस शहराजवळ व्हाल-दे-ब्वा येथे लेओं आर्मेल (१८२९-१९१५) यांची लोकरीची सूतगिरणी होती. वडिलांकडून कारभार हाती आल्यावर त्यांनी ती खऱ्या अर्थाने ख्रिस्ती गिरणी करायचे ठरवले. मरियामातेची 'कारखान्याची माता' या नावाने भक्ती तिथून पसरली. पण आर्मेल तेवढ्यावर थांबले नाहीत. कामगारांसाठी घरे, शाळा, बचतपेढी, आजारपणात मदत यांची सोय झाली. कामगारांचे प्रतिनिधी असलेले गिरणीमंडळ स्थापन झाले. ज्याच्या घरी खाणारी तोंडे जास्त, त्याला पगाराखेरीज जादा रक्कम देणारा कुटुंबनिधी १८९१ च्या सुमारास सुरू झाला. आर्मेल हजारो कामगारांना घेऊन रोमच्या यात्रेला गेले. १८८९ च्या यात्रेत सुमारे दहा हजार कामगार होते. दोनच वर्षांनी, मे १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांचे कामगारांच्या हक्कांविषयीचे 'रेरुम नोव्हारुम' हे प्रसिद्ध पत्रक निघाले. कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला जगता येईल एवढे वेतन हा न्यायाचा भाग आहे, दयेचा नाही, ही भूमिका त्यातून पुढे आली.

आर्मेल यांच्यावर टीकाही झाली. मालकच शाळा चालवणार, मालकच प्रार्थनेची सोय करणार, मग कामगाराने स्वतःच्या मनाने काय करायचे, असा टीकाकारांचा प्रश्न होता. तो रास्त होता. धंदा मालकाचा असतो, म्हणून तो देवाला वाहता येतो. कामगाराचे मन मालकाचे नसते.

दुसरे उदाहरण अर्जेंटिनाचे. एनरिके शॉ (१९२१-१९६२) हे आधी नौदलात अधिकारी होते. मग ते रिगोयो या काचकारखान्यात आले आणि पुढे त्याचे प्रमुख झाले. १९५२ साली त्यांनी ख्रिस्ती उद्योजकांची संघटना उभारली. स्वतःला नऊ मुले, त्यात कर्करोगाने गाठलेले. कारखाना अमेरिकन भांडवलदारांच्या हाती गेला आणि सुमारे बाराशे कामगारांना काढण्याचा विचार पुढे आला, तेव्हा एकालाही काढले तर आपण राजीनामा देऊ, असे शॉ यांनी बजावले, आणि लोकांना न काढता कारखाना सावरण्याची योजना मांडली. कामगार वाचले. शॉ शेवटच्या आजारात असताना त्यांना रक्त देण्यासाठी अडीचशेहून अधिक कामगार रांगेत उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित केले. ही संतपदाच्या वाटेवरची एक पायरी आहे.

नफ्याचे तीन वाटे

मे १९९१ मध्ये फोकोलारे या कॅथलिक चळवळीच्या संस्थापिका कियारा लुबिक ब्राझीलमध्ये गेल्या होत्या. साओ पावलो शहराच्या गगनचुंबी इमारतींना झोपडपट्ट्यांचा वेढा पडलेला त्यांनी पाहिला. त्यांच्या चळवळीतलीही कितीतरी माणसे त्या झोपड्यांत राहत होती. एकमेकांच्या गरजा भागवण्यासाठी चळवळीतले लोक जे गोळा करत होते, ते पुरे पडत नव्हते. त्यांनी एक कल्पना मांडली. चळवळीतल्या लोकांनी उद्योग काढावेत, ते बाजाराच्या नियमांनी नीट चालवावेत, कर भरावेत, आणि नफ्याचे स्वखुशीने तीन भाग करावेत. एक गरजूंसाठी, एक देण्याची वृत्ती रुजवणाऱ्या शिक्षणासाठी आणि एक उद्योगाच्या वाढीसाठी.

तिसरा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. सगळेच वाटून टाकले तर पुढच्या वर्षी वाटायला काही उरणार नाही, हे व्यवहारज्ञान त्यात आहे. ओमोबोनोच्या बायकोलाही ते पटले असते. साओ पावलोजवळ या कल्पनेतून 'स्पार्ताको' नावाची उद्योगवसाहत उभी राहिली, आणि पुढे निरनिराळ्या देशांतले शेकडो लहान-मोठे उद्योग या वाटेने गेले.

४ फेब्रुवारी २०१७ रोजी या उद्योजकांशी रोममध्ये बोलताना पोप फ्रान्सिस यांनी एक टोचणारी गोष्ट सांगितली. जुगाराच्या कंपन्या आपणच व्यसनी केलेल्या माणसांच्या उपचारासाठी पैसा देतात. आणि ज्या दिवशी शस्त्रांच्या कंपन्या आपल्या बाँबनी जायबंदी झालेल्या मुलांच्या रुग्णालयांना पैसा देतील, त्या दिवशी ही व्यवस्था कळसाला पोहोचलेली असेल. याला त्यांनी ढोंग म्हटले. सहाशे वर्षांपूर्वी लापो मात्सेईने दातिनीला पत्रांतून टोकले, त्याच्याही पुढचा हा प्रश्न आहे. नफ्यातला वाटा देवाला देऊन भागत नाही. माल कोणता विकतो हेही पाहावे लागते.

आपल्याकडे

महाराष्ट्रात धर्मश्रद्धेतून उभ्या राहिलेल्या आर्थिक कामाचे ठळक उदाहरण वसईला आहे. मराठी बोलणाऱ्या तिथल्या ख्रिस्ती समाजाने १९१८ साली सहकारी पतसंस्था काढली. तिचीच पुढे 'बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक' झाली. गरजू माणसाला रास्त दराने कर्ज मिळवून देण्याची ही कॅथलिक परंपरा त्याहून जुनी आहे. इटलीत पेरुजा येथे फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रेरणेने १४६२ साली गरिबांसाठी तारणपेढी निघाली होती, ती सावकाराला पर्याय म्हणूनच.

आपल्याकडे आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. इथे मालक ख्रिस्ती असला तरी भागीदार गुजराती, कारागीर मुसलमान आणि हिशेबनीस हिंदू असू शकतो. चर्चच्या कायद्याप्रमाणे आशीर्वाद कॅथलिक नसलेल्यांनाही देता येतो. मात्र कोणावरही धर्माच्या बाबतीत सक्ती करू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले आहे. म्हणून दुकानात प्रार्थना ठेवायची असेल तर भागीदाराला आधी विचारावे, आणि प्रार्थनेला हजर राहिले नाही म्हणून कोणा नोकराच्या मनात धाकधूक राहू नये.

फादरना बोलावण्यापूर्वी

व्हॅटिकनच्या न्याय व शांती परिषदेने २०१२ मध्ये उद्योजकांसाठी एक पुस्तिका काढली. तिच्या शेवटी स्वतःला विचारायच्या प्रश्नांची यादी आहे. लहान दुकानदारालाही अशी यादी आपल्यापुरती करता येईल.

आपल्याकडच्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाचे घर त्या पगारात चालते का? तो वेळेवर मिळतो का? आठवड्याची सुट्टी त्याला खरोखर मिळते का? वजनकाटा बरोबर आहे का? एकच वही ठेवली आहे, की करासाठी दुसरी आहे? पुरवठादाराचे बिल आपण किती महिने अडकवून ठेवतो? जो माल आपण स्वतःच्या मुलांना देणार नाही, तो विकतो का? नफ्यातला ठरावीक भाग बाजूला काढायचा असेल तर घरच्यांना ते मान्य आहे का, आणि तो भाग वर्षाच्या शेवटी उरले तर द्यायचा, की आधीच वेगळ्या खात्यात टाकायचा?

या प्रश्नांची उत्तरे लगेच मनासारखी येणार नाहीत. बाजारात उधारी असते, स्पर्धा असते, काही महिने नफा होतच नाही. चर्च कोणाकडून पहिल्याच दिवशी संतपणाची अपेक्षा धरत नाही. पण पगाराची थकबाकी चुकती करायची राहिली असेल, तर ती आधी चुकती करून मग आशीर्वादाचा दिवस ठरवलेला बरा. त्या दिवशी प्रार्थनेला उभ्या राहणाऱ्या कामगारालाही मग त्या प्रार्थनेत मनापासून 'आमेन' म्हणता येईल.